खानेसुमारीतलं पाचवं नाव

आबा, आज शाळेत पटाची बैठक झाली. वरून कागद आलाय. तुमच्या शाळेचा पट फार कमी आहे, शेजारच्या गावच्या शाळेत मिळवून टाकायची का, असं विचारतात. अर्धापूरच्या पुढं केळीच्या बागांमधलं हे गाव, आणि मी इथली हेडमास्तरीण. पहिलीच्या वर्गात यंदा सहा लेकरं आहेत. सहा! तुमच्या वर्गात पोरं खिडकीच्या कठड्यावर बसायची, उरलेली दाराबाहेर पोतं टाकून बसायची आणि तुम्ही उंबऱ्यात उभं राहून आतल्यांना पाढे अन् बाहेरच्यांना बाराखडी एकदमच शिकवायचात. बैठकीत सगळे तोंड पाडून बसले होते. सरपंच म्हणाले, "मॅडम, गावात लेकरंच न्हाईत तर आणू कुठून? आता सगळ्यांना एक नाहीतर दोन." आणि मी मेली मनातल्या मनात हसून राहिले होते. शाळा जायची पाळी आली आणि ही बाई हसते म्हणून कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं! पण मला दिसत होतं, तुम्ही असतात तर या बातमीवर तुम्ही पेढे वाटले असते.

तुमच्या एवढी पृथ्वीची काळजी केलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. अहमदपूर तालुक्यातल्या एवढ्याशा गावात प्राथमिक शाळेचा मास्तर, आणि डोक्यात सगळ्या जगाचा भार. दुष्काळानं तुमचं असं झालं, असं माय म्हणायची. मी दुष्काळानंतरची, त्यामुळं मला ते दिवस ऐकूनच माहीत. तलाव तळाला गेला होता, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची आणि तिच्या भाकरी माय नाक मुरडत थापायची. तुम्ही म्हणायचात, "परक्या मुलखाच्या दाण्यावर जगलो आपण. उद्या त्यांचीच पोटं वाढली तर ते कशाला देतील?" शाळेच्या मागच्या खोलीतल्या भिंतीवर तुम्ही खडूनं गणित मांडून ठेवलं होतं. आज जगात इतकी माणसं, इतक्या वर्षांनी दुप्पट, मग चौपट. ती भिंत कुणाला पुसू द्यायची नाही असा तुमचा हुकूम होता. मास्तरांना नसबंदीच्या ऑपरेशनच्या केस आणायला लावलं तेव्हा तुम्ही पहिली केस स्वतःची केलीत. मी नुकती जन्मले होते. अख्ख्या तालुक्यात तुमचं नाव झालं होतं म्हणे.

मी दुसरीत असेन. एकदा तुम्ही डब्यातली भाकर वर्गात टेबलावर ठेवलीत. म्हणालात, ही आपली पृथ्वी. हिचं पीठ वाढत नाही, फक्त खाणारी तोंडं वाढतात. मग तुम्ही ती मोडलीत. नवरा-बायकोला अर्धी अर्धी. दोन लेकरं झाली, चतकोर चतकोर. तेवढ्यात मागच्या बाकावरचं एक आगाऊ पोरगं म्हणालं, "गुरुजी, तुमच्या घरात तर पाच हायत की! पाचव्याला काय?" सगळा वर्ग हसायला लागला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आपल्या घरात तुम्ही, माय, अक्का, दादा आणि मी. पाचवी कोण, हे सांगायला गणित लागत नव्हतं. तुम्ही त्या पोरावर ओरडाल असं मला वाटलं. पण तुम्ही भाकरीच्या तुकड्यांकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "म्हणूनच सांगून राहिलो. आमच्यासारखं करू नका." पोरगं खाली बसलं, तुम्ही फळ्याकडं वळलात. मी मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर भाकर घेतली नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि मायनं ओवा दिला.

लातूर जिल्हा व्हायच्या आदल्या साली खानेसुमारी आली. तुमच्या कागदावर 'जनगणना' छापलेलं असायचं, पण गावातली जुनी माणसं निजामाच्या वेळेपासून खानेसुमारीच म्हणायची. आपली गल्ली तुमच्याकडं होती. तुम्ही घरोघर जाऊन माणसांची नावं लिहायचात आणि बाया तुम्हाला हमखास फसवायच्या. चार लेकरं असली की तीन सांगायच्या. बारकं लेकरू मोजलं की त्याला नजर लागते, ते हाती लागत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. शेजारच्या खालाचा मुलगा रजया भरायचा, तिची तीन नातवंडं अंगणात खेळत होती आणि खाला तुम्हाला बिनदिक्कत सांगत होती, "दोईच है." मी आपल्या ओट्यावरून बघत होते. तुम्ही विचारलंत, "मग हा कोन खाला? आभाळातून पडला?" तिनं त्या शेंबड्याला पदराखाली ओढलं आणि म्हणाली, "इसकू नको गिनो, गुरुजी. सबसे छोटा है. नजर लगती." तुम्ही हात टेकले. म्हणालात, "अगं खाला, सरकारच्या कागदाला डोळे कुठं असतात? नजर लागंल कशी?" आणि तिच्या देखत तिसरं नाव लिहिलंत. मला केवढा अभिमान वाटला होता तुमचा! गावानं काहीही मानो, गुरुजी मानत नाहीत. धम्मदीक्षा घेतल्यापासून आपल्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नव्हती, आणि कुणी अंगारा आणून दिला तर तुम्ही तो कुंडीत टाकायचात.

दोन दिवसांनी तुम्ही कागद बाजेवर ठेवून विहिरीवर गेलात. मला नवीन नवीन वाचता येत होतं, दिसेल ते वाचायची खोड होती. खालाच्या घरचं वाचलं. मग आपल्या घराचा कागद निघाला. तुमचं नाव, मायचं, अक्काचं, दादाचं. खाली रेघा कोऱ्या. मी कागद उलटून मागं पाहिलं. मागंही नव्हते. मायकडं गेले, म्हटलं, "माय, ह्यात मी न्हाई." मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "गप बस. कुणाला सांगू नकोस." बस्स, तेवढंच. विसरले म्हणाली असती तरी मी मानलं असतं. पण ती गप बस म्हणाली, म्हणजे तिला माहीत होतं.

पुढल्या साली पावसाळ्यात जिल्हा झाला. उस्मानाबादचे खेटे संपले, लातूर जवळ आलं, लोक खुशीत होते. शाळेच्या नकाशावर नवा जिल्हा नव्हता, म्हणून तुम्ही टेबलावर स्टूल ठेवून वर चढलात आणि लाल पेन्सिलीनं स्वतः लातूरची हद्द ओढलीत. खाली सगळं गाव जमलेलं. तुम्हाला दोन शब्द बोला म्हणाले. दुसरा कुणी असता तर आभार मानून उतरला असता. तुम्ही स्टुलावरूनच म्हणालात, "माणसं वाढली म्हणून एका जिल्ह्याचे दोन केले. उद्या चार करतील. पण पृथ्वीचे दोन कुठून करणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आठ वर्षांची, हातात पेढा धरून उभी, आणि मला वाटलं, या पृथ्वीवर जे एक माणूस जास्तीचं झालंय ते मीच. हसू नका आबा. तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि पुढं चाळीस वर्षं थोडं थोडं वाटतच राहिलं.

मग मी नाकावर राग घेऊनच वाढले. तुम्ही म्हणायचात, ह्या पोरीचं तोंड कुणावर गेलंय काय की. नांदेडला डी.एड.ला होते तेव्हा तुम्ही दर पंधरा दिवसांनी अहमदपूरहून एसटीनं यायचात, हॉस्टेलच्या फाटकाशी उभं राहून विचारायचात, "जेवलीस का?" आणि परतीच्या गाडीनं जायचात. एवढ्यासाठी एवढा प्रवास! मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्यावर किती जीव आहे गं वडिलांचा. मी म्हणायचे, जीव कसला, पहारा आहे. भांडणात कितीदा तुम्हाला बोलले असेन, तुम्हाला मी नकोच होते. तुम्ही फक्त "येडी हाय" म्हणून बाहेर जायचात. सरळ विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही हो म्हणालात तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात अक्का माझ्याकडं नांदेडला आली होती. आम्ही दोघी दुपारी मेथी निवडत बसलो होतो. मी पटाचं गाऱ्हाणं सांगत होते आणि नेहमीच्या सवयीनं थट्टेत म्हटलं, "आबा खूश झाले असते बघ. जास्तीची लेकरं बंद झाली. मला तर त्यांनी कागदावर सुद्धा घेतलं नव्हतं." अक्कानं हातातली जुडी खाली ठेवली. "काय बोलून राहिलीस?" मी सांगितलं, खानेसुमारीचं, चार नावांचं. ती म्हणाली, "अगं बाई, तुला मायनं सांगितलंच न्हाई?"

मग तिनं सांगितलं. दादाच्या पाठचा एक भाऊ होता, दुष्काळात गेला, एवढं मला माहीत होतं. आपल्या घरात त्याच्याबद्दल याहून जास्त कुणी बोलायचं नाही. मला माहीत नव्हतं ते हे की दुष्काळाच्या आदल्या खानेसुमारीला तो महिन्याचा होता, आणि तुम्ही त्याचं नाव मोठ्या हौसेनं लिहिलं होतंत. गल्लीतल्या बायांना तुम्ही कागद दाखवत फिरलात म्हणे, बघा, माझं पण मोजलंय, काही होत नाही. पुढल्या उन्हाळ्यानंतर पाणी आटलं, गढूळ पाणी प्यायची पाळी आली, त्याला हगवण लागली. अहमदपूरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. मातीला आलेल्या बायाच आपसांत बोलल्या, गुरुजींनी मोजलं होतं लेकरू. तुम्ही त्यांच्यावर चवताळून गेलात. पाण्यानं गेला, पाण्यानं, असं ओरडत होतात. माय काहीच बोलली नाही. अक्का म्हणाली, तीच गोष्ट आबांना जास्त लागली.

"आणि दहा वर्षांनी परत कागद आले," अक्का सांगत होती, "मी त्यांना रेघा मारून देत होते. त्यांनी चार नावं लिहिली आणि हात थांबला. मी म्हटलं, आबा, बारकी राह्यली. तर म्हणाले, 'हिला नको लिहायला.' मी म्हटलं, का? तुम्हीच तर खालाला ओरडलात. त्यांनी टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाले, 'माझ्याच्यानं होईना गं. मला भ्याव वाटतंय.' असं म्हणाले. आबा! आणि मला शपथ घातली, कुणाला बोलू नको, लोक हसतील, जन्मभर मी हेच शिकवत आलो."

आबा, मी तिथं मेथीच्या पसाऱ्यात बसून मोठ्यानं रडले. पन्नाशीची बाई, हेडमास्तरीण. अक्का घाबरली, पाणी आणलं, पण ते रडणं दुःखाचं नव्हतंच. माझा जीव भांड्यात पडला होता, एवढ्या वर्षांनी. तुम्ही मला वगळलं नव्हतंत. तुम्ही मला लपवलं होतंत, खाला नातवाला पदराखाली लपवत होती तसं. एवढा शहाणा माणूस, सगळ्या जगाचा हिशोब भिंतीवर मांडणारा, आणि स्वतःच्या पोरीपाशी येऊन चुकला. आणि किती छान चुकलात!

तेव्हापासून मी तुमची ती भिंत पुन्हा मनात मांडून बघते. तुमचा धाक खोटा नव्हता. माणसं दुपटीहून जास्त झाली, आता आठशे कोटींच्या वर गेली. पण भाकर अर्धी झाली नाही, आबा. नव्या बियाण्यांनी पीठही वाढलं, ते तुम्ही धरलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तुमच्या गणितात नव्हती, पण आपल्या घरात होती. एक गेलं म्हणून मी आले. माणसं लेकरांवर लेकरं होऊ देत होती ती अडाणी म्हणून कमी आणि हाती किती लागतील याचा भरवसा नव्हता म्हणून जास्त. मग नर्सबाई लशीची पेटी घेऊन वाडीवस्तीवर यायला लागली, नळाचं पाणी आलं, पोरी दहावी-बारावी झाल्या. लेकरं जगायला लागली तशा बाया दोनावर थांबल्या, मग एकावर. कुणी धाक घालावा लागला नाही, मास्तरांना केस आणायला लावावं लागलं नाही. नुसतं आपल्याकडं नाही, जगात बहुतेक ठिकाणी हेच चाललंय म्हणतात. अजून काही वर्षं माणसं वाढतील आणि मग थांबतील. माझ्या वर्गातली सहा लेकरं गुबगुबीत आहेत, सहाही. त्यांच्या आया पट भरताना मला बिनधास्त आकडा सांगतात.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पाण्याचं तुम्ही बरोबर सांगितलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, बोअर खाली खाली चाललेत, आणि तरी ऊस उभाच. पण ते माणसं जास्त झाली म्हणून कमी आणि कुणी किती उपसायचं याला धरबंद नाही म्हणून जास्त. त्याचं भांडण अजून व्हायचंय, आणि ते आमच्या पिढीला नीट जमलेलं नाही, हे कबूल. पण उभं राहायला जागा उरणार नाही म्हणून तुम्ही घाबरला होतात ना, तेवढं तरी आता सोडा. पृथ्वीवर जागा आहे. मलाही होती.

आता एक सांगायचं राहिलं. ते सांगायलाच बसले होते आणि शाळा, भाकर, सगळ्या जगाचं सांगत बसले. माय गेल्यावर तुम्ही माझ्याकडं नांदेडला राहायला आलात. त्या साली खानेसुमारीचं काम मला आलं, माझं पहिलंच. आपल्या घराचा कागद मी भरला. ह्यांचं नाव, माझं, लेकीचं. तुमचं लिहिलं नाही. विसरून नव्हे, ठरवून. आणि तो कागद मुद्दाम तुमच्या चष्म्याशेजारी ठेवला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुम्ही विचाराल, माझं नाव कुठंय, आणि मग मी वीस वर्षं साठवलेलं एकदाच बोलून टाकेन, असं ठरवलं होतं. तुम्ही एकेका नावावर बोट ठेवून वाचलंत. कागद उलटून मागं पाहिलंत. मग उठून आत आलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आम्हा भावंडांना तुम्ही कधी असं जवळ घेतलं नव्हतं. तुमचे डोळे भरले होते आणि तुम्ही हसत होतात. म्हणालात, "तू बी, बाई? येडी. काय होत न्हाई मला." आणि तो दिवसभर तुम्ही कुणी वेगळेच होतात, लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात हिंडत होतात. मला काही कळेना. माझा वार फुकट गेला म्हणून मी भांडी आपटत राहिले.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. ती दोन्ही वर्षं तुम्ही खुशीत होतात, आणि जाताना तुमच्या मनात असणार की आपल्या पोरीला आपण जाऊ याची इतकी भीती वाटली, की तिचा पेन चालेना. अक्का सांगून गेली तेव्हापासून मला हे कळलंय. तो नुसता राग होता, आबा. सूड होता. तुम्हाला जे वाटलं त्यातलं काहीही त्या दिवशी माझ्या मनात नव्हतं. हे तुम्हाला कधी कळता कामा नये. म्हणून हे पत्र मी आता फाडून टाकणार आहे, आणि तुम्हाला पाठवायला पत्ताच नाही, ते किती बरं झालं.